गुणवंतीच्या ओटीवरची कडी

मित्रांनो, जरा मान वर करा. घरात शिरलं की माणसं जमीन बघतात, भिंती बघतात, देवांच्या तसबिरी बघतात. वर बघतात ती फक्त पाऊस गळायला लागला की. त्यामुळे माझ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. ओटीच्या मधल्या तुळईत ठोकलेली लोखंडाची एक जुनी कडी दिसते का? अंगठ्याएवढी जाड, खाऱ्या वाऱ्याने तांबूस झालेली? तीच मी. सध्या माझ्यावर काहीही टांगलेलं नाही. त्यामुळे बोलायला वेळच वेळ आहे.

आमचं गाव बंदरवाडी. रत्नागिरीहून जयगडकडे जाताना कातळ संपतो आणि रस्ता खाली खाडीकडे उतरतो, तिथली ही पन्नास-साठ घरांची वाडी. माझं लोखंड मुळात होडीच्या नांगराचं. या घराचा धनी भिवा मासे मारायला जायचा. एकदा त्याचा नांगर खडकात अडकून मोडला, तेव्हा त्याने उरलेला तुकडा सदू लोहाराकडे नेला. भिवाला पहिला मुलगा झाला होता आणि घरात पाळणा टांगायला कडी नव्हती. सदूने तो तुकडा तापवला, ठोकला, वाकवला आणि भिवाच्या हातात ठेवत म्हणाला, "ह्यानं तुजी व्हडी धरून ठेवली. आता तुजा पोर धरू दे." अशी माझी घडण. धरून ठेवणं हा माझा पिढीजात धंदाच म्हणा ना.

पाळणा खरं तर माजघरात टांगतात. पण भिवा म्हणाला, ओटीवर खाडीचा वारा येतो, पोर तिथे चांगलं झोपेल. त्याची बायको गुणवंती नाक मुरडत म्हणाली, "ओटीवर सगळा गाव येतो. पोराला नजर लागल." भिवा हसला आणि त्याने मला ओटीच्याच तुळईत ठोकलं. आधी सर्वेश झोपला माझ्या आधाराने, मग पाच वर्षांनी राही. राही फार रडायची. तिच्या त्या हेलकाव्यांनी मी तुळईत थोडी सैल झाले ती कायमची. अजूनही वारा जोराचा असला की मी किंचित करकरते. तो आवाज राहीचा आहे, असं मी मानते.

सर्वेश मुंबईला कामाला गेला. राहीचं लग्न झालं आणि पहिल्या बाळंतपणाला ती रिवाजाप्रमाणे माहेरी आली. गुणवंतीने माळ्यावरचा पाळणा काढून पुसून ठेवला होता. ज्या दिवशी राहीला कळा सुरू झाल्या त्या दिवशी भरदुपार होती. वाडीत नर्स नव्हती. दवाखाना खाडीपलीकडे. सुईणीने मूल सुखरूप सोडवलं, मुलगी झाली, पण राहीचं रक्त थांबेना. भिवाने तिला होडीत घातलं. आणि खाडीला ओहोटी होती. होडी मध्येच चिखलात रुतली. भिवा कमरेएवढ्या चिखलात उतरून होडी ढकलत राहिला. पाणी परत भरायला लागलं तोवर राही गेली होती.

मी हे काही पाहिलं नाही. मला फक्त ओटी दिसते. होडी गेली ती दिसली आणि होडी आली ती दिसली. पुढे कितीतरी दिवस पाळणा माझ्यावर टांगलेला होता. त्यात राहीची मुलगी असायची आणि तो हलवताना गुणवंती खाडीकडे पाठ करून बसायची. मुलीचं नाव ज्ञानेश्वरी ठेवलं. तिच्या बापाने वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. मुलगी आजीकडेच राहिली.

त्याच सुमाराला आरोग्य खात्याकडून माणसं आली. वाडीत उपकेंद्र सुरू करायचं होतं, नर्स मिळणार होती, पण जागा नव्हती. गावची बैठक आमच्याच ओटीवर भरली. कुणी म्हणालं शाळेची खोली द्या, कुणी म्हणालं देवळाची पडवी द्या. गुणवंती दारात उभी होती. ती म्हणाली, "माजी ओटी घ्या नि बाजूची खोली पन घ्या. मी मागल्या दाराला ऱ्हाईन."

पण आमच्याकडे एवढी मोठी गोष्ट कुणी आपल्या मनाने करत नाही. गुणवंती गुरवाला घेऊन ग्रामदेवीच्या देवळात गेली आणि कौल लावला. देवीच्या डाव्या-उजव्या अंगाला एकेक फूल लावायचं, प्रश्न विचारायचा आणि कुठलं फूल आधी पडतं ते बघत बसायचं. तिने विचारलं, "आई, माज्या राहीच्या नावानं ही ओटी दवाखान्याला दिऊ काय?" उजवं फूल पडलं. देवीने होकार दिला. वाडीच्या लेखी विषय तिथेच संपला.

कागद केला तो दीपक डॉक्टरांनी. मोठ्या आरोग्य केंद्राचे ते प्रमुख होते, तरुण आणि कामाला वाघ. त्यांनी भाडं किती विचारलं तर गुणवंती म्हणाली, "दर शिमग्याला एक नारळ आना." त्यांनी तेच लिहिलं. मग ते म्हणाले, "काकी, जागा घ्यायची मंजुरी वरून यावी लागते. तिला वेळ लागेल. तोवर मी सही करतो, काम थांबायला नको." त्यांनी सही केली. घर गुणवंतीच्या नावावर होतं, तिने अंगठा दिला. कागद देव्हाऱ्यामागे ठेवला गेला. पुढच्या वर्षी डॉक्टरांची बदली झाली आणि वरून यायची ती मंजुरी सगळे विसरले.

मित्रांनो, इथेच चूक झाली. ती मला तेव्हा कळली नाही. मी लोखंड, मला काय कळणार? पण ज्यांना कळायला हवी होती त्यांनाही कळली नाही. देणारीला देता येईल का, हे अख्ख्या वाडीने देवीला विचारलं. घेणाऱ्याला घेता येतं का, हे कुणी कुणालाच विचारलं नाही.

तरीही पुढची वीस वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यांत चांगली. नर्स म्हणून मनिषा आली. स्वतः पोरसवदा होती, पहिल्या दिवशी उंबऱ्याला अडखळून पडली. मग उठून तिने ओटीभर नजर फिरवली आणि वर बघितलं. या घरात आल्याआल्या माझ्याकडे बघणारी ती पहिलीच. "काकी, ही कडी किती वजन घेईल?" तिने विचारलं. गुणवंती म्हणाली, "दोन पोरं नि एक नात धरून ऱ्हायली हाय. तू टांग काय तां."

मनिषाने माझ्यावर वजनकाटा टांगला. घड्याळासारखी गोल तबकडी, खाली आकडा, आकड्याला कापडाची झोळी. पहिलं वजन ज्ञानेश्वरीचं झालं. त्यानंतर वाडीतलं एकही मूल असं नाही जे माझ्याखाली लोंबकळलं नाही. काही हसायची, बहुतेक बोंबलायची. एकाने तर मनिषाच्या कपाळावर लघवी केली, तो आज जयगडच्या बंदरावर क्रेन चालवतो. बाजूच्या खोलीत बाळंतपणं व्हायची. आतून रडण्याचा पहिला आवाज आला की मागल्या दारी गुणवंती हात जोडायची. मग मूल ओटीवर आणायचे, काट्याला टांगायचे आणि मी ते वजन तोलायची. मला आकडे वाचता येत नाहीत. पण अडीच किलोच्या वरचं आणि खालचं मूल मला अंगावरच कळायचं.

शिमग्यात देवीची पालखी घरोघर येते. आमच्या ओटीवर यायच्या आधी मनिषा काटा उतरवून ठेवायची, म्हणजे नाचवताना पालखीला लागायला नको. गुणवंती मला आंब्याचा टाळा, म्हणजे पानांची डहाळी, बांधायची. मग मनिषा खात्याच्या वतीने नारळ पुढे करायची. हा नारळ ती स्वतःच्या परसातला आणायची हे सगळ्यांना ठाऊक होतं. गुणवंती तो घ्यायची, देवीपुढे फोडायची आणि त्यातला अर्धा मनिषालाच परत द्यायची. आमचं भाडं असं फिटत होतं. भिवा म्हातारा होऊन गेला, ज्ञानेश्वरी शाळेत गेली, कॉलेजात गेली, वाडीत पुन्हा कुणी बाई बाळंतपणात दगावली नाही. गुणवंती हे कधी बोलून दाखवायची नाही. पण मला माहीत आहे, ती रोज सकाळी ओटी झाडताना राहीशी बोलायची. "काल दोन झाली गो. दोनी बरी हायत."

मग एके साली वादळ आलं. छपराची खाडीकडची बाजू उडाली. मनिषाने दुरुस्तीसाठी अर्ज केला आणि त्या अर्जाबरोबर वीस वर्षांचा बंद कागद उघडला गेला.

एक साहेब तपासणीला आले. वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगते. त्यांनी चहा घेतला, गुणवंतीला आजी म्हटलं, कागद तीनदा वाचला. नारळाशी आल्यावर थोडे हसले, मग त्यांचा चेहरा उतरला.

"आजी, हा करार चालणार नाही."

"का? सही खोटी हाय?"

"सही खरी आहे. पण सही करणाऱ्याला जागा भाड्याने घ्यायचा अधिकारच नव्हता. तो वरच्या कार्यालयाला असतो. कागदावर ही जागा कधी आमची झालीच नाही. त्यामुळे दुरुस्तीही करता येत नाही."

गुणवंतीने कागद स्वतःकडे ओढून घेतला. मग म्हणाली, "दीपक डॉक्टरांनी माज्या नातीला सुया टोचल्या, तवा अधिकार व्हता?"

"तो होता."

"हितं पोरं सोडवली त्येचा?"

"तोही होता."

"नि ज्या जमिनीवर ती सोडवली, तिचा नव्हता?"

साहेबांनी मान खाली घातली. "नव्हता, आजी. मी नवा प्रस्ताव पाठवतो. ज्याला अधिकार आहे त्याची सही आली की केंद्र परत इथेच आणू. तोवर गळक्या छपराखाली बाळंतपणं करू देता येणार नाहीत."

त्यात चुकीचं काहीच नव्हतं, म्हणून तर जास्त लागलं. भांडायला कुणी समोर नव्हतं. पुढच्याच महिन्यात उपकेंद्र कातळापलीकडच्या गावात हललं. अंतर बारा किलोमीटर, दिवसाला दोन एसट्या. टेबल गेलं, कपाट गेलं. मनिषाने काटा सगळ्यांत शेवटी उतरवला. माझ्यावरून हात फिरवत तिने गंज झाडला आणि ती गुणवंतीकडे न बघता पायऱ्या उतरली.

सर्वेशने मुंबईहून पैसे पाठवून छप्पर नीट करून घेतलं. गुणवंतीने ओटी सारवून ठेवली. रोज सारवायची. केंद्र आज येईल, उद्या येईल. एक शिमगा गेला, दुसरा गेला. मनिषा सुट्टीच्या दिवशी यायची आणि सांगायची की प्रस्ताव अमुक टेबलावर आहे, एक शंका निघाली आहे, उत्तर पाठवलं आहे. गुणवंती सगळं ऐकून घ्यायची आणि तिला भाकरी वाढायची.

तिसऱ्या शिमग्याला पालखी ओटीवर आली तेव्हा ओटी मोकळीच होती. काटा उतरवायचा नव्हता, नारळ पुढे करायला कुणी नव्हतं. गुणवंतीने देवीची ओटी भरली आणि हात जोडून हळूच म्हणाली, "आई, मी तुला निम्मंच इचारलं. तू निम्म्याचंच उत्तर दिलंस. तुजी चूक नाय." मला एवढंच ऐकू आलं. मग ढोल वाजला आणि पालखी शेजारच्या घराकडे गेली.

ज्ञानेश्वरीला राजापूरला दिली होती. गेल्या वर्षी तिला दिवस गेले. सातव्या महिन्यात ती रिवाजाप्रमाणे माहेरी, म्हणजे आजीकडे आली. मी किती आनंदले म्हणून सांगू. गुणवंतीने माळ्यावरून पाळणा काढला, नव्या दोऱ्या लावल्या आणि सत्तरीची म्हातारी स्टुलावर चढून तो मला अडकवू लागली. ज्ञानेश्वरी खालून ओरडत होती, "आज्ये, पडशील. उतर आदी." आमच्याकडे बारशाला पाळण्यात मुलाच्या आधी वरवंटा ठेवतात. गुणवंतीने वरवंटा आणून पाळण्यात ठेवला, माझं बळ बघायला. मी तसूभर हलले नाही. राहीच्या जागी तेवढी करकरले.

तो आवाज ऐकला आणि गुणवंतीचा हात थांबला. ती पाळण्याकडे बघत राहिली, मग बाजूच्या रिकाम्या खोलीकडे, मग खाडीकडे. खाडीला ओहोटी होती. चिखल उघडा पडला होता.

तिने वरवंटा काढला. पाळणा काढला. आठ दिवसांनी ज्ञानेश्वरीची पिशवी भरली.

"तू राजापूरलाच ऱ्हा बाय. थय मोठा दवाखाना दारात हाय."

"पयलं बाळंतपण माहेरी करतात, आज्ये. तूच म्हनायचीस."

"माहेरी कोन तरी लागतं नं करनारं. हितं आता कोन नाय. तुज्या आवशीला मी रिवाजानं हितं आनलं. तुला नाय ठेवायची."

ज्ञानेश्वरी रडली. गुणवंती तिच्यापुढे रडली नाही. सकाळच्या एसटीला नात बसवून ती परत आली, ओटीवर माझ्याखाली बसली आणि मग मात्र खूप रडली. मी तिला काहीही देऊ शकत नव्हते. कडीला हात नसतात. त्या दिवशी मला आपलं लोखंड असणं पहिल्यांदा नकोसं झालं.

ज्ञानेश्वरीला राजापुरात मुलगी झाली. दोघी सुखरूप. गुणवंतीने शेजारणीच्या मोबाईलवर पणतीचा चेहरा बघितला आणि वाडीभर साखर वाटली. सव्वा महिना झाला की बाळ-बाळंतीण इकडे येणार होती. पण बाळ अठरा दिवसांचं असताना गुणवंती सकाळी ओटी सारवता सारवता खाली बसली आणि पुन्हा उठली नाही. अर्धी ओटी ओली होती, अर्धी कोरडी.

तिच्या बाराव्याच्या दिवशी पोस्टमन आला. सर्वेशने पाकीट फोडलं आणि ओटीवर जमलेल्या माणसांसमोर मोठ्याने वाचलं. सदर जागा उपकेंद्रासाठी भाडेपट्ट्याने घेण्यास मंजुरी देण्यात येत आहे. स्वाक्षरीचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्यांची सही होती, गोल शिक्का होता. खाली एक ओळ होती. घरमालक श्रीमती गुणवंती भिवा यांनी स्वाक्षरीसाठी स्वतः उपस्थित राहावे.

सर्वेशने कागद खाली ठेवला. मनिषा मागे उभी होती, तिने पदर तोंडाला लावला. पूर्वी देणारी होती, घेणाऱ्याच्या हातात अधिकार नव्हता. आता अधिकार आला आणि देणारी गेली. आता म्हणे वारसांची नावं लागतील, मग नवा प्रस्ताव जाईल, मग पुन्हा टेबलं. सर्वेशची ना नाही. पण तो मुंबईत, नोकरी सांभाळून किती खेपा घालणार?

बाळाचा सव्वा महिना झाल्यावर ज्ञानेश्वरी त्याला घेऊन आली. शेजारणीकडची किल्ली घेऊन तिने घर उघडलं. मनिषाही आली होती, रजा टाकून. तिच्या पिशवीत काहीतरी जड होतं. तिने ते बाहेर काढलं तेव्हा मी ओळखलं. गोल तबकडी, आकडा, झोळी.

"सिस्टर, हा हितं आनलेला चालतो?" ज्ञानेश्वरीने विचारलं.

"चालत नाही," मनिषा म्हणाली आणि स्टुलावर चढली.

बाळ झोळीत ठेवलं. ते रडलं नाही, वर बघत राहिलं, थेट माझ्याकडे. मी हळूच करकरले. चार किलोला थोडं कमी, मनिषाने वाचलं. मग तिने बाळाचं कार्ड घेतलं, वजन लिहिलं, तारीख लिहिली. त्यापुढे केंद्राचं नाव लिहायची जागा होती. तिथे तिचं पेन थांबलं. कातळापलीकडच्या केंद्राचं नाव ती लिहू शकली असती, तेच नियमाला धरून होतं. तिने डोळे पुसले आणि लिहिलं, गुणवंतीची ओटी.

त्यानंतर काटा उतरला, बाळ गेलं, दाराला कुलूप लागलं. आता मी, वारा आणि राहीचा आवाज.

मित्रांनो, माझं एवढंच सांगणं आहे. लोखंडाची कडी वाट बघू शकते, गंजत गंजत पन्नास वर्षं वाट बघेल. माणसाला तेवढा वेळ नसतो. कुणी चांगलं काही देऊ केलं तर ते घ्यायचा अधिकार कुणाचा, हे पहिल्याच दिवशी विचारा. आणि तो अधिकार उद्या तुमच्या हातात आला, तर देणारी ओटीवर बसलेली असेपर्यंत सही करा.

कार्ड ज्ञानेश्वरीकडे आहे, राजापूरला. त्यावर माझ्या घराचं नाव आहे. खात्याच्या दुसऱ्या कुठल्याही कागदावर ते नाही.